बांधीव इंद्रजाल आणि एक खोटं कव्हर

पाठीला खाकी कापड, वर तपकिरी पुठ्ठा, आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे पाच अंक आणि अंकांवर कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी जुनी मराठी कॉमिक्स बहुतेक याच अवतारात येतात. सुटे अंक पोरांच्या हातात फार टिकत नसत, म्हणून वाचनालयवाले चार-पाच अंक एकत्र करून बाइंडरकडे देत. तो पाठीजवळून आरपार टोचे मारून दोऱ्याने शिवायचा आणि तिन्ही कडा कटिंग मशीनखाली घालायचा. चित्रांच्या कडा त्यात जायच्या, पण अंक तगायचे. मराठी इंद्रजाल आज जे काही हाती लागतं, त्यातलं बरंचसं या बाइंडरांमुळेच शिल्लक आहे, असं मला वाटतं.

हा खंड आणणाऱ्या गृहस्थांची मागणी सरळ होती. "दादा, पहिला वेताळाचा अंक तेवढा सुटा करून द्या. गिऱ्हाईक तयार आहे. बाकीचे राहू देत, ते काय, बहादूरचे आहेत." वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम. त्यांनी खंड एका विक्रेत्याकडून घेतला होता आणि पहिला अंक अगदी सुरुवातीच्या काळातला आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

सुरुवातीच्या अंकांना मोल आहे, यात शंका नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली. पहिले ३२ अंक वेताळाचेच होते, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी नंतर आली. त्यामुळे 'पहिल्या तिसांतला मँड्रेक' म्हणून कोणी काही दाखवलं तर तिथेच थांबावं. दुसरी खूण क्रमांकाची. ४४३ पर्यंत अंकांना सलग क्रमांक आहेत, पुढे खंड (म्हणजे छापील 'व्हॉल्यूम', बांधीव खंड नव्हे) आणि अंक अशी पद्धत सुरू झाली. कव्हरवर 'खंड २०' दिसत असेल तर तो अंक ऐंशीच्या दशकातला, मग कागद कितीही पिवळा पडलेला असो. न्यूजप्रिंट दमट हवेत आणि उजेडात दहा वर्षांतही म्हातारा होतो, त्यामुळे पिवळेपणावरून वय ठरवू नये.

दोऱ्याला हात लावण्याआधी खंड आहे तसा तपासायचा. फोटो काढायचे, पानं मोजायची, वरच्या कडेवर तिरपा उजेड टाकून बघायचं. पाचही अंक एकत्र कापलेले असले की ती कड एकसारखी सपाट दिसते. इथे पहिल्या अंकाचं कव्हर बाकीच्यांपेक्षा केसभर आत होतं. कटिंग मशीनचा घाव एकाच वेळी सगळ्यांवर पडतो. एकच पान आखूड असेल तर ते घावाच्या वेळी तिथे नव्हतं.

मग टोचे पाहिले. आतल्या प्रत्येक पानाला पाठीपासून पाच-सहा मिलिमीटरवर सहा भोकं होती, कव्हरला एकही नव्हतं. बाकी चारही कव्हरांवर वाचनालयाचा शिक्का होता, याच्यावर नव्हता. भिंगाखाली (दहापट पुरतं) उरलेलं कळलं. जुन्या छापील कॉमिक्समध्ये रंग ठिपक्यांचे असतात, ते ठिपके ओळीत, ठरावीक कोनात बसलेले असतात, आणि काळी रेषा व अक्षरं सलग, भरीव काळी असतात. या कव्हरवर अक्षरांच्या काळ्यातच निळे, गुलाबी, पिवळे कण विखुरलेले होते. ही स्कॅन करून घरगुती प्रिंटरवर काढलेल्या प्रतीची खूण. प्रिंटरला रेषा आणि रंग यांतला फरक कळत नाही, तो सगळं चारही शायांच्या कणांनी भरतो.

शेवटी यूव्ही टॉर्च. ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा, जांभळा झगझगीत उजेड देणारा स्वस्तातला नको. खोलीत अंधार करून काही सेकंदच मारायचा, डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही. हल्लीच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात, ती यूव्हीखाली निळीपांढरी पेटतात. जुना न्यूजप्रिंट मळकट, मंद दिसतो. कव्हर लख्ख पेटलं आणि पाठीजवळ पांढऱ्या गमची निळसर रेघही दिसली. वरून चहाचं पाणी फिरवून त्याला जुनेपणा दिलेला होता.

आतली पानं मात्र खरी होती. म्हणजे हा कव्हर नसलेला खरा अंक. त्याला किंमत आहे, पण पूर्ण अंकाची नाही. गृहस्थांना मी भिंग हातात देऊन 'वेताळ' या अक्षरांवर धरायला सांगितलं, शेजारी बहादूरच्या अंकाचं कव्हर ठेवलं. दोन्ही पाहिल्यावर वेगळं काही समजवावं लागलं नाही. संग्रहासाठी अंक घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक तुलना शिकून ठेवावी. भिंग खिशात मावतं.

आता त्या 'काय, बहादूरचे'बद्दल. १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आलेला बहादूर हा या मालिकेतला पहिला भारतीय नायक. जनक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. मालिकेतली कित्येक मुखपृष्ठंही त्यांचीच, कोपऱ्यात 'बी. गोविंद' अशी सही असते. बहादूर डाकूचा मुलगा, भगवा कुर्ता आणि जीन्स घालतो, नागरिक सुरक्षा दल उभारतो आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन दरोडेखोरांशी भिडतो. त्याची मैत्रीण बेला त्याच्या बरोबरीने मारामारीत असते, सोडवून आणायची राजकन्या म्हणून नव्हे. मुखवटा नाही, अद्भुत शक्ती नाही, जंगल नाही. चंबळचे डाकू त्या काळी रोज वर्तमानपत्रात यायचे आणि हा नायक त्याच बातम्यांच्या जगात वावरत होता. आबिद सुरती 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकातल्या 'ढब्बूजी' या व्यंगचित्रमालिकेचेही जनक, आणि पुढे मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करणारे तेच. अशा माणसाने घडवलेला नायक वेताळाच्या फाटक्या पानापुढे दुय्यम ठरतो, हे मला मनापासून खटकतं. वेताळाच्या कथा जगभर पुनःपुन्हा छापून आल्या आहेत. मराठीतला बहादूर गेला की गेला.

या खंडात बहादूरचे प्रत्यक्षात दोनच अंक निघाले, तेही मधोमध. दोन्हीकडून दाबलेले, उजेड न लागलेले. भगवा कुर्ता असा ताजा मी क्वचितच पाहिला आहे. खंडातले खरे जपण्याजोगे अंक हेच होते.

शिवण उसवावी की ठेवावी? एरवी मी वाचनालयाची बांधणी मोडत नाही, तो त्या अंकांच्या आयुष्याचाच भाग आहे. पण आरपार टोच्यांची बांधणी पूर्ण उघडत नाही. पान दरवेळी शिवणीच्या रेषेवरच दुमडतं आणि कागद कडक झाला असेल तर तिथेच तुटतं. कडकपणा पाहण्यासाठी आधीच निखळलेला तुकडा घ्यायचा, चांगल्या पानाचा कोपरा कधीच नाही. इथे तो तुकडा दोन घड्यांत तुटला. उसवण्याला पर्याय नव्हता. एकच अंक सुटा करणंही शक्य नव्हतं, कारण दोरा पाचांतून एक गेलेला होता.

दोरा ओढून काढायचा नाही. मागच्या बाजूने प्रत्येक टाका बारीक कात्रीने वेगळा कापायचा आणि तुकडे चिमट्याने सरळ वर उचलायचे. पाठीवरची जुनी खळ ओलसर ब्लॉटिंगने थोडी थोडी मऊ करून हाडाच्या पट्टीने खरवडायची. पाणी जपून, कारण न्यूजप्रिंटवर ओल सरकली की कडेला तपकिरी रेघ उमटते आणि ती जात नाही.

त्यानंतर पिना. लोखंडी पिन गंजली की भोवतीचा कागदही काळवंडून ठिसूळ होतो, लोहाने कागदाचे तंतू तुटायचा वेग वाढतो. मधली पानजोडी उघडायची, पिनेच्या पायांखाली पातळ प्लॅस्टिकची चकती सरकवायची, पाय स्टीलच्या पातळ पट्टीने उभे करायचे आणि मग पिन बाहेरून अलगद घ्यायची. पाय गंजाने कागदाला धरून बसला असेल तर जोर करू नये, बारीक कटरने पाय कापून दोन्हीकडून वेगळे काढावेत.

पिन निघाली की पानं पुन्हा मोजावीत, कारण खरा हिशेब आता लागतो. पिनेच्या अंकात एक कागद म्हणजे चार पानं. ३२ पानी अंकात एकाच कागदावरच्या समोरासमोरच्या पृष्ठांची बेरीज ३३ येते. म्हणजे ५-६ फाटून गेलं असेल तर २७-२८ आता कशालाच धरलेलं नाही. बाइंडरच्या टोच्यांनी ते इतकी वर्षं अडकून राहिलं होतं, शिवण उसवली की ते गळून पडतं. दुसऱ्या एका अंकात नेमकं हेच होतं. असं सुटं पान लगेच क्रमांक लिहिलेल्या कागदी पाकिटात घालावं.

चिकटपट्टीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. वेताळाच्या तीन पानांवर ती होती. जुन्या पट्टीचा गोंद आधी पातळ होऊन कागदात मुरतो, मग पिवळा होऊन वाळतो. वाळलेली पट्टी आपोआप सुटते, त्रास अर्धवट मुरलेलीचा. कमी आचेवरची गरम पट्टी काही सेकंद टेकवायची आणि प्लॅस्टिक कागदाला जवळजवळ समांतर धरून मागे ओढायचं. वर ओढलं तर छपाईसकट कागदाची साल निघते. उरलेला चिकटा क्रेप रबराने गोळा करायचा. गोंद विरघळवणारं द्रावक वापरण्याआधी लाल रंगावर आणि शिक्क्याच्या शाईवर टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावून बघायचा. इथे शिक्का लगेच पसरायला लागला, म्हणून द्रावकाचा विचार सोडला. पिवळे डाग राहिले. ते राहू द्यावेत. ब्लीच करून गोरा केलेला न्यूजप्रिंट काही वर्षांत आणखी ठिसूळ होतो.

फाटक्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास, गार झाल्यावर गाळणीतून दोनदा. टिश्यू कात्रीने कापू नये, ओल्या ब्रशने रेघ मारून फाडावा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड पानात मिसळतो. खळ घट्ट आणि कमीत कमी. वर पॉलिएस्टरचं जाळीदार कापड, मग ब्लॉटिंग, मग वजन. ब्लॉटिंग पाच मिनिटांनी आणि पुन्हा अर्ध्या तासाने बदलायचं. शेवटी प्रत्येक अंक पिनेच्या जुन्याच भोकांतून लिननच्या दोऱ्याने शिवला. नवी भोकं पाडायची गरजच नव्हती.

खोटं कव्हर काढून वेगळ्या पाकिटात दिलं, 'अलीकडची प्रत' असं पेन्सिलीने मागे लिहून. खाकी पाठ, पुठ्ठे आणि दोऱ्याचे तुकडेही दिले. अंक कोणत्या क्रमाने बांधले होते आणि कोणत्या पानावर काय केलं, याची नोंद प्रत्येक अंकासोबत ठेवली.

ठेवायच्या सूचना मी प्रत्येकाला देतो त्याच दिल्या. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं, मागे आम्लरहित पुठ्ठा, आडवं ठेवणं. वास येणारं मऊ पीव्हीसी नको, त्यातला तेलकट अंश शाईला चिकटतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. डांबरगोळ्यांनी कसर जात नाही, पानांना वास मात्र कायमचा लागतो. कसर किंवा किडा दिसलाच तर अंक दोन पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून घ्यावं.

गृहस्थांनी वेताळाच्या गिऱ्हाइकाला तिथूनच फोन लावला आणि कव्हर नकली असल्याचं सांगितलं. त्याने कव्हराशिवायची किंमत विचारली, मग बहादूरचे दोन्ही अंक घेण्याची तयारी दाखवली. गृहस्थ म्हणाले, "ते नाही विकायचे," आणि माझ्याकडून बहादूरसाठी आणखी दोन पुठ्ठे मागून घेतले.