उतू गेलेला गिअरबॉक्स

"भाऊ, घाटमा गाडी चढत नही," एवढीच तक्रार. चाळीसगावची गाडी, चार गिअरची जुनी टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) ऑटोमॅटिक. सकाळी गावात झकास चालायची. मे महिन्यात कन्नड घाट अर्धा चढली की इंजिन नुसतं ओरडायचं, चाकांना ओढ नाही. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायचा निकाल देऊन टाकला होता, तापलेल्या ऑईलची पातळी न मोजताच.

अंगणातच स्कॅनर लावला. स्वस्त स्कॅनरने पी०७०० हा बिघाडाचा कोड दाखवला. तो फक्त गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवतो. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७३० निघाला. आत येणारे फेरे आणि बाहेर पडणारे फेरे यांचा हिशेब गिअरशी जुळत नव्हता, म्हणजे बहुधा गिअरबॉक्समधला क्लच (गिअर पकडणाऱ्या चकत्या) घसरत होता. का, ते कोड सांगत नाही. तरी मी दोन तास वायरिंग चाचपलं. बॅटरी १२.६ व्होल्ट, सेन्सरचे कनेक्टर स्वच्छ. ब्रेक दाबून एनमधून (न्यूट्रल) डीमध्ये (पुढे) आणि आरमध्ये (मागे) टाकून पाहिलं. दोन्हीकडे दीड सेकंदाच्या आत पकड. म्हणजे गार असताना ऑईलचा दाब ठीक होता. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून गिअरमध्ये पूर्ण रेस देणं) केली नाही. पाच सेकंदांवर गेली की ऑईल करपतं, आणि इथे तर क्लच आधीच घसरणारा.

खाली वाकलो तर गिअरबॉक्स ऑईलने ओला. गॅरेजवाल्याने हीच गळती समजून दोनदा ऑईल भरलं होतं. पण ओल पॅनपासून (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑईलचं ताट) नव्हती, वरच्या ब्रीदरपासून (हवा जायचं छिद्र) खाली ओघळलेली होती.

ऑईल मोजायला सपाट जागा हवी. अंगणाला उतार, म्हणून गाडी बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर नेली. त्याआधी वीस मिनिटं फिरवली, मग इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद थांबवत परत पीवर (पार्क). डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घातली. (होंडाच्या गाड्यांत इंजिन बंद करून मोजतात, पुस्तिका पाहिल्याशिवाय हात घालू नये.) ऑईल हॉटच्या (तापलेल्या ऑईलसाठीच्या) खुणेच्या दोन सेंटिमीटर वर, आणि बुडबुडे. गॅरेजवाल्याने गार ऑईलच हॉटच्या खुणेपर्यंत भरलेलं. तापल्यावर ते फुगतं, फिरत्या गिअरना लागतं, घुसळून फेस होतो. फेसात हवा असते, पंपाला दाब बसत नाही, क्लच घसरतो. उरलेलं ब्रीदरमधून उतू जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं ऑईल कमी झालं.

मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून डिपस्टिकच्या नळीतून ८०० मिली उपसलं. दोन दिवसांनी मालकाने घाट दोनदा चढवला, घसरण नाही.

मन खातंय ते वेगळ्याच गोष्टीने. टिश्यू पेपरवर थेंब टाकला तेव्हा कडा लाल, पण मध्ये तपकिरी ठिपका आणि किंचित जळका वास होता. पॅनमधून एकदा ऑईल बदललं तरी निम्म्याहून जास्त जुनं कन्व्हर्टर वगैरे भागांतच राहतं. मी तर तेही केलं नाही, फक्त जास्तीचं उपसलं. पॅन उघडून तळाचा आणि त्यातल्या चुंबकावरचा गाळ पाहिला नाही. क्लचचं अस्तर किती झिजलंय, याचा अंदाज तेव्हा आला असता. मालकाला पंधरवड्याने परत बोलावलंय, पॅनचं गॅस्केट आणून ठेवलंय.