पस्तिशीतल्या मुलाचे हप्ते

व्यसनी मुलाच्या आईवडिलांना नातेवाईक साधारणपणे दोनच सल्ले देतात. एक, 'घराबाहेर काढा, ठेचा खाल्ल्या की येईल ताळ्यावर'. दुसरा, 'शेवटी आपलेच रक्त आहे, सांभाळून घ्या'. माझ्या मुलाचे दारूचे व्यसन भरात असताना हे दोन्ही सल्ले मी कित्येकदा ऐकले, कधीकधी तर एकाच व्यक्तीच्या तोंडून. दोन्हींत खोट एकच आहे: मुलाला सुधारण्याचे उपाय म्हणून ते दिले जातात. पस्तीस वर्षांच्या माणसाला सुधारणे आईवडिलांच्या हातात नसते. त्यांच्या हातात त्यांचा फोन, त्यांचे बँक खाते, त्यांच्या घराचे दार आणि त्यांची झोप एवढेच असते, आणि मर्यादा आखायची ती तिथेच.

'यापुढे पिऊन घरी यायचे नाही' हा हुकूम झाला. तो पाळायचा की नाही हे मुलगा ठरवतो, आणि तो मोडला गेला की आपण आणखी मोठ्या आवाजात दुसरा हुकूम काढतो. 'तू पिऊन आलास तर त्या रात्री मी तुझ्याशी कोणताही विषय बोलणार नाही, जेवण झाकून ठेवलेले असेल, सकाळी बोलू' हे मात्र पूर्णपणे माझ्या ताब्यातले आहे. असे वाक्य सकाळी, तो शुद्धीवर असताना, चढ्या आवाजात न बोलता आणि नवराबायको दोघांनी आधी एकमेकांशी ठरवून सांगावे लागते. आमच्या घरी अडचण नेमकी या शेवटच्या अटीची होती, कारण वडिलांनी नाही म्हटले की मुलगा स्वयंपाकघरात माझ्याकडे येई. बहुतेक घरांत भिंतीला भेग असते ती इथेच.

सोमवारी सकाळी त्याच्या कार्यालयातून फोन येत असे. मुलगा आतल्या खोलीत झोपलेला, यजमान फोन हातात घेऊन माझ्याकडे बघत उभे, आणि मी ठरलेले वाक्य म्हणत असे: 'त्याला रात्रीपासून ताप आहे.' ज्या दिवशी मी 'तो घरातच आहे, आपण त्याच्याशीच बोलावे' एवढेच सांगून फोन त्याच्या उशाशी नेऊन ठेवला, त्या दिवशी घरात मोठा तमाशा झाला. त्याला बिनपगारी रजा लागली आणि 'आईनेच माझी नोकरी घालवायची ठरवली आहे' हे वाक्य पुढे कित्येक आठवडे ऐकावे लागले. मी त्याची तक्रार केली नव्हती आणि त्याला झाकलेही नव्हते. व्यसनाचे परिणाम ज्याचे त्याच्यापर्यंत पोहोचू देणे आणि आपण होऊन शिक्षा करणे यांतला फरक रागावलेल्या मुलाला त्या वेळी पटत नाही. तो पटवून देण्याच्या नादाला लागू नये.

पैशांच्या बाबतीत मोबाइलवरून मिळणाऱ्या झटपट कर्जांनी परिस्थिती फार बिघडवली आहे. वसुलीवाले थेट आईवडिलांना फोन करतात आणि अब्रूच्या भीतीने निवृत्तिवेतनातून हप्ते भरले जातात. जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली नसेल, तर सज्ञान मुलाचे कर्ज त्याच्या हयातीत फेडण्याची कायदेशीर जबाबदारी आईवडिलांवर येत नाही. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलेले आहे. आम्ही ठरवले की रोख रक्कम द्यायची नाही आणि कर्ज फेडायचे नाही. पण डॉक्टरांचे आणि औषधांचे बिल परस्पर भरायचे.

उपचारांना मदत करण्याचा हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत अल-अनॉन ही चळवळ सुरू झाली. व्यसन आपण लावलेले नाही, ते आपल्याला आवरता येणार नाही आणि बरेही करता येणार नाही, ही तिची शिकवण अपराधी भावनेने पिचलेल्या आईला मोठा आधार देते. परंतु हात झटकून मोकळे व्हा, असा तिचा अर्थ लावणे चूक आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, शांतपणे बोलणे, न प्यायलेल्या वेळेला दाद देणे आणि योग्य क्षणी उपचारांचा विषय काढणे हे ज्या कुटुंबीयांना शिकवले गेले, त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांच्या घरचा मद्यपी उपचारांना तयार झाला. सगळ्यांनी मिळून त्याला जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही कुटुंबाला उपचारांत सामील करून घेतले जाते. आपला मुलगा दाखल व्हायला तयार नसला तरी आपण समुपदेशकाकडे जावे. आम्ही त्याच्या आधी गेलो होतो.

काही गोष्टी मर्यादेच्या कक्षेत येतच नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू कोंडून ठेवून एकदम बंद केली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. मुलगा जीव देण्याची भाषा करू लागला, तर 'हे नेहमीचेच नाटक' असे म्हणून झोपायला जाऊ नये. त्याला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि त्यावर आईवडीलही बोलू शकतात. अंगावर हात टाकला गेला, तर पोलिसांना बोलवायचे, हे आम्ही त्याला आधीच सांगून ठेवले होते.

राहिला घराचा प्रश्न. 'फ्लॅट त्याच्या नावावर करा, जबाबदारी आली की सुधारेल' हा तिसरा सल्लाही मधूनमधून येतो आणि तो पहिल्या दोहोंपेक्षा धोक्याचा आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली गेल्यास, रद्द करवून घेण्याची सोय ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ मध्ये आहे. पण अशी अट होती हे दाखवावे लागते आणि घाईत केलेल्या बक्षीसपत्रात ती बहुधा नसते. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. आम्ही मृत्युपत्रच केले, आणि मुलगा व मुलगी दोघांनाही समोर बसवून तसे सांगितले.