सरळ रस्ता बंद, वळसा घालून या

विमानाचं तिकीट काढताना आपण भाडं बघतो, वेळ बघतो, पण ते विमान कुठून जाणार हे कोण ठरवतं याचा विचार सहसा कोणी करत नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाची आपापल्या आकाशावर पूर्ण मालकी आहे आणि कुठल्या शहरात किती फ्लाइट हे बहुतेक वेळा दोन सरकारंच बसून ठरवतात, त्यामुळे दोघांचं बिनसलं की फटका विमानांना.

फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीचंच बघा ना. युरोपातून जपान-कोरियाला जायचं तर हेलसिंकीहून सायबेरियावरून जवळ पडतं, या जोरावर त्यांनी आशियाचा अख्खा धंदा उभा केला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने त्यांना बंद केलं, आणि साडेनऊ तासांच्या आसपासचं हेलसिंकी-टोकियो गेलं १३ तासांवर, चक्क उत्तर ध्रुवावरून! चिनी कंपन्या मात्र अजूनही रशियावरूनच जातात, त्यांचा वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं, मग बाकीच्यांनी टिकायचं कसं? व्हर्जिन अटलांटिकने तर २०२४ मध्ये लंडन-शांघाय बंदच करून टाकलं.

कतारचं तर अजून वाईट. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी संबंध तोडले आणि दोहा-दुबई हा तासाभराचा प्रवास मस्कत नाहीतर कुवेतला विमान बदलून करायची वेळ आली, ती थेट २०२१ पर्यंत. दोन्हीकडे सोयरिक असलेली कुटुंबं होती हो, त्यांचा काय दोष? निदान नागरी विमानं तरी या भांडणातून बाहेर ठेवावीत असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि आकाश बंद न करताही हे होतं. दक्षिण कोरियाने अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा बसवायचं ठरवलं म्हणून चीन त्यांच्यावर चिडला, ग्रुप टूर थांबल्या, आणि २०१६ ला ८० लाखांच्या घरात असलेले चिनी पर्यटक पुढच्या वर्षी जवळपास निम्म्यावर. गाइड, हॉटेलवाले, छोटे दुकानदार नुसते बसून.

तोडायला एक दिवस पुरतो, जोडायला मात्र वर्षं लागतात. भारत-चीन थेट विमानं २०२० ला कोविडमुळे थांबली, मग गलवान झालं, कोविड गेला तरी विमानं काही येईनात, शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू सुरू झालं. तोपर्यंत तिकडे मेडिकल शिकणारी आपली पोरं सिंगापूर, बँकॉक करतच जात होती.