मी डॉक्टरांना लघवीचंच सांगत राहिले

पाळी कायमची थांबली तेव्हा मी 49 वर्षांची होते. अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामाने ब्लाउज भिजायचं, पण दीडेक वर्षात ते ओसरलं. वाटलं, सुटलो! खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. दर गुरुवारी आम्ही काही बायका अथर्वशीर्षाची आवर्तनं करतो, तासभर मांडी घालून. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला आतून चुरचुरायला लागायचं. चड्डीची शिवणसुद्धा टोचायची. घरी आल्यावर लघवीला आग. म्हटलं, उन्हाळी लागली. मे महिनाच होता. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. पावसाळा आला तरी उन्हाळी जाईना.

मग जवळच्या डॉक्टरांकडे गेले. ते पुरुष, त्यातून ह्यांच्या ओळखीचे. 'लघवीला जळजळ होते,' एवढंच सांगितलं. त्यांनी अँटिबायोटिक दिलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा कल्चर केलं तर त्यात जंतू नाहीतच. त्यांना तरी काय बोल लावू, मी निम्मंच सांगितलं होतं.

उरलेलं निम्मं ह्यांच्याशी जवळिकीचं. ब्लेडने चिरावं तसं दुखायचं. एकदा तर रक्ताचा डाग दिसला. तेव्हापासून मी रात्री ओटा दोन-दोनदा पुसायला लागले, हे झोपेपर्यंत. मधे आठवडाभर पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकून धुण्याचा शहाणपणाही केला. आग दुप्पट झाली. हे कधी काही बोलले नाहीत, पण एका रविवारी पोहे खाताना खाली बघत म्हणाले, "माझं काही चुकतंय का गं?"

त्याच दुपारी नणंदेला फोन लावला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. म्हणाली, "वहिनी, बायकांच्या डॉक्टरकडे जा. आणि तिथे लघवी हा शब्द काढू नकोस."

डॉक्टरबाईंनी साखर आहे का विचारावं तितक्या सहज विचारलं, "संबंधाच्या वेळी दुखतं?" मी हो म्हटलं आणि रडलेच. त्यांनी समजावलं: इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा आटतो, तिथली आम्लता घटते आणि राखण करणारे चांगले जंतूही कमी होतात. मूत्रमार्गाचंही तेच, म्हणून लघवीला आग. वाफा बहुतेकींच्या आपोआप जातात, हे मात्र उपचार न केल्यास बहुधा वाढतच जातं. 2014 पासून ह्याला 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' म्हणतात म्हणे. आम्ही इतकी वर्षं उन्हाळीवर भागवत होतो!

डागाचं ऐकून मात्र त्या थांबल्या. पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासायचंच. सोनोग्राफी, गर्भाशयाच्या तोंडाची पॅप टेस्ट, शिवाय साखर. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस कसे काढले ते विचारू नका. सगळं ठीक निघालं.

साबण बंद, नुसतं पाणी. दर दोन-तीन दिवसांनी योनीसाठीचं मॉइश्चरायझर, आणि त्या वेळेपुरतं पाण्यात विरघळणारं ल्युब्रिकंट. शिवाय योनीत लावायचं एस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं क्रीम, दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. हार्मोन म्हटल्यावर मी दचकले, माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. त्यांनी माझी सगळी माहिती विचारून घेतली. म्हणाल्या, ह्या क्रीममधलं रक्तात फार थोडं जातं. स्वतःला तो कॅन्सर झालेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला मी लहानपणापासून बघतेय, म्हणून थेट दवा बाजार गाठला. तिथे कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. क्रीमसोबत खुणा केलेली एक प्लॅस्टिकची नळी येते. पहिल्या रात्री ती उलटी धरली आणि अर्धं क्रीम बाथरूमच्या फरशीवर. चौथ्या रात्री हात बसला. सकाळी थोडं बाहेर येतं, त्यासाठी पॅड लावायचं.

पंधरा दिवसांत काहीच फरक नाही म्हणून वैतागले होते. सहाव्या आठवड्यात शिवण टोचेनाशी झाली, तिसऱ्या महिन्यात बाकीचंही बरंच सोपं झालं. दिवाळीच्या गडबडीत महिनाभर क्रीम राहिलं, तर चुरचुर परत हजर.

तेव्हापासून सोमवार-गुरुवारी कालनिर्णयवर ठिपका देते. ह्यांनी विचारलं, "हे दूधवाल्याचे खाडे का?" मग बसून सगळं सांगितलं. आता ठिपके हेच देतात, आणि गेल्या गुरुवारी मी आवर्तनांना निघाले तर दारात अडवून म्हणाले, "आज ठिपका आहे, ध्यानात आहे ना?" पायऱ्यांवर शेजारच्या काकू उभ्या होत्या.