कॅबिनेट जुनंच, पाणी नवं : आमची वाटचाल

आमचं कॉम्प्युटरचं दुकान नाशिकला २००४ साली सुरू झालं. आदल्याच वर्षी सिंहस्थ होऊन गेला होता, आणि मेनरोडच्या आतल्या बोळातला दहा बाय बाराचा गाळा आम्हाला परवडेल अशा भाड्यात मिळाला. आम्ही म्हणजे मी आणि धाकटा भाऊ. असेंबल्ड पीसी विकायचे, बिघडलेले उघडायचे, एवढाच धंदा.

त्याच वर्षी इंटेलचा प्रेसकॉट नावाचा पेन्टियम ४ प्रोसेसर बाजारात आला. त्याच्यावर आमची पहिली काही वर्षं निघाली, असं म्हटलं तर खोटं नाही. हा गडी भयंकर तापायचा. एप्रिल लागला की गिऱ्हाईक सीपीयू काखोटीला मारून दारात उभं, "आपोआप बंद पडतो हो!" उघडावं तर हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर, धुळीची गोधडी. ब्लोअर मारायचा, हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावायची, पैसे घ्यायचे. उष्णता हा आपला धंदा आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आपण कॉम्प्युटर विकतो असंच वाटत होतं.

मग गिऱ्हाईक हातात मोबाइल घेऊन यायला लागलं. "हाच प्रोसेसर इथे एवढ्याला आहे, तुम्ही कितीला देता?" तिथे दिसणारा भाव आमच्या खरेदीपेक्षा कमी असायचा. सुट्या मालातलं मार्जिन संपलं. भाऊ म्हणाला, जे कुरिअरने घरी येऊ शकत नाही ते करू. म्हणजे हाताचं काम. वॉटर कूलिंगमध्ये, म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून मशिनची उष्णता काढण्याच्या कामात, आम्ही असे शिरलो, हौसेपेक्षा नाइलाजाने.

पहिलं मशिन एका व्हिडिओ एडिटरचं. प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक तांब्याचा होता. पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर मात्र आम्ही पैसे वाचवायला अॅल्युमिनिअमचा घेतला. तांबं, अॅल्युमिनिअम आणि मधे पाणी, म्हणजे आपणच बॅटरी बनवून ठेवली. त्यात अॅल्युमिनिअम झिजतं. पाचव्या महिन्यात मशिन परत आलं. ब्लॉकच्या आत केसाएवढ्या बारीक खाचा असतात, त्यात राखाडी चिखल दाटून बसला होता. सगळा खर्च आमच्या अंगावर. त्या दिवसापासून आमच्या दुकानात अॅल्युमिनिअमच्या रेडिएटरला बंदी आहे.

दुसरी फजिती आट्यांची. या धंद्यातल्या नळी जोडायच्या जवळजवळ सगळ्या फिटिंगला जी १/४ आटे असतात, म्हणजे साध्या भाषेत पाव इंची बीएसपी, पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप. अंबड, सातपूरच्या कारखान्यांत कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनला हेच चालतात. बाहेरून येणारं चकचकीत फिटिंग महाग. मग काय, आम्ही अंबडमधून पितळी निकेलवाली फिटिंग पिशवीभर आणली. त्यातली निम्मी निमुळत्या आट्यांची निघाली. निमुळते आटे पाचरीसारखे घट्ट होत जातात, त्यांना टेफ्लॉन टेप लागते आणि समोर लोखंड असेल तर काही बिघडत नाही. आमच्यासमोर पाण्याची अॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची टाकी होती. शेवटचा पाव फेरा दिला आणि टक्क. वरपासून खालपर्यंत उभी चीर. पुढे ओळखीच्या एका फिटरमामांनी सरळ आणि निमुळत्या आट्यांची दोन्ही निपल शेजारी धरून दाखवली. "भाऊ, सरळ आट्याला ताकद लावायची नसते. पाणी अडवते ती ओ-रिंग, ही रबरी कडी. तुम्ही नुसतं हाताने बसवा." आजही आमच्याकडे टाकीवर पाना चालवायला मनाई आहे.

ज्या कामाने आमचं नाव झालं त्याकडे येतो. एक तरुण आला, आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची चित्रं, करून देणारा. गाडीच्या डिकीतून त्याने एक जुनं टॉवर कॅबिनेट काढलं. १९९९चं, दोन फुटाला टेकलेलं, मूळचं बदामी आणि आता पिकल्या पपईच्या रंगाचं. वडिलांचं. त्यांनी त्याच्यावर कित्येक वर्षं लग्नपत्रिकांचं डीटीपी केलं होतं. "दादा, आत नवं सगळं भरा, पण बाहेरून हे असंच दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, निदान प्लास्टिकचा पिवळेपणा काढून देतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की बराच उतरतो. तो नको म्हणाला. पुढच्या पॅनलवर, फ्लॉपीच्या फटीच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक होतं, वर्षानुवर्षं खंडेनवमीला एकाच जागी काढून काढून प्लास्टिकमध्ये मुरलेलं. ते जायला नको होतं. मग पॅनल काढून गादीच्या खोळीत गुंडाळलं, माळ्यावर ठेवलं आणि उरलेल्या सांगाड्याला हात घातला.

मदरबोर्डचं एटीएक्स हे माप १९९५ साली ठरलं आणि अजून तेच आहे, हे आमचं नशीब. ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा नवा मदरबोर्ड त्या जुन्या पत्र्यावर स्क्रूला स्क्रू जुळून बसला. एकही भोक नवं पाडावं लागलं नाही. खरी मारामारी रेडिएटरच्या जागेची. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वर असतो. तो खाली नेला, मागच्या पत्र्यात त्याच्यापुरती खिडकी कापली. वर त्याची ८६ मिलिमीटर उंचीची जागा मोकळी झाली. रेडिएटर ३० आणि पंखा २५, मिळून ५५. छताचा पत्रा होल सॉने तीन ठिकाणी गोल कापला, तिथे ३६०चा, म्हणजे १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांचा रेडिएटर. पुढे सीडी ड्राइव्हचे सहा कप्पे होते. एक कप्पा साधारण ४१ मिलिमीटरचा, सहा म्हणजे २४८. १२० मिलिमीटरचे दोन पंखे एकावर एक बरोब्बर मावतात! कप्प्यांची झाकणं काढून बारीक काळी जाळी लावली, मागे २४०चा रेडिएटर. वरचा आणि पुढचा रेडिएटर जिथे भेटतात तिथे बोटभर जागा उरली. भावाने त्या फटीत बोट घालून फोटो काढला, तो अजून दुकानात लावलेला आहे.

सांगाडा अंबडला पावडर कोटिंग करून आणला. कापलेल्या कडांना रबरी पट्टी बसवली, नाहीतर नळी घासून एक दिवस कापली गेली असती.

पाण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, तो या गिऱ्हाइकाचाही होता. पाणी म्हणजे गार. तसं नाही. पाणी उष्णता फक्त उचलून दुसरीकडे नेतं. प्रोसेसरचे अडीचशे आणि ग्राफिक्स कार्डचे साडेचारशे, असे सातशे वॉट शेवटी खोलीतच येणार. त्याचं ऑफिस पत्र्याच्या छताखाली. मे महिन्यात खोली अडतीसवर गेली की आतलं पाणी अठ्ठेचाळीसच्या आसपास राहणार, त्याच्या खाली आणायला आधी एसी लावावा लागेल. हे मी काम घेण्याआधी सांगितलं. कार्डाची मर्यादाही साडेतीनशे वॉटवर आणली. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पंखे मात्र किंचाळत नाहीत. "पाणी आधी प्रोसेसरवर न्यायचं की आधी कार्डावर?" या प्रश्नावर हौशी मंडळी तासन् तास भांडतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर सातशे वॉटनेही एका फेरीत जेमतेम अडीच अंशांचा फरक पडतो. नळी जिथून सरळ जाईल तिथून न्यावी.

पाणी भरण्याआधी आम्ही गळती हवेने तपासतो. सायकलचा पंप, प्रेशर गेज, अर्धा बार, अर्धा तास. या मशिनचा काटा दर वेळी हळूहळू उतरायचा. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं, दोन ओ-रिंग बदलल्या, दुपार गेली. शेवटी भावाने गेजच्याच नळीला साबण लावला. तिथे बुडबुडे! मशिन सकाळपासून निर्दोष होतं.

मग डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात शेवाळ न धरण्याचं औषध. मदरबोर्डला वीज न देता, एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या जोडातली हिरवी वायर काळीला जोडून नुसता पंप चालवला. खाली वर्तमानपत्र अंथरलं, कारण एक थेंब पडला तरी कागदावर डाग दिसतो. चोवीस तास पंप चालला. रात्री मी दुकानातच झोपलो. गरज नव्हती, पण घरी झोप आली नसती.

पैशाचं म्हणाल तर या कामात आम्ही तोट्यात गेलो. मजुरी चार दिवसांची धरली होती, लागले अकरा. आता पत्राकामाचे तास वेगळे लावतो आणि वर्षातून एकदा पाणी बदलण्याचे पैसे आधीच सांगतो. त्यावर काही लोक परत जातात. जाऊ देत, पाणी न बदलणाऱ्याला आम्ही हवेचा कूलरच सुचवतो.

मशिन न्यायला तो वडिलांना घेऊन आला. त्यांनी आत डोकावून पाहिलंच नाही. पॅनलवरून हात फिरवला आणि तेच जुनं चौकोनी बटण दाबलं. नव्या बोर्डलाही बटणाच्या दोनच पिना लागतात, म्हणून ते तसंच ठेवलं होतं. हिरवा दिवा लागला. "आवाज येत नाही याचा," ते जरा नाराजीनेच म्हणाले.

पाणी बदलायची तारीख आम्ही स्टिकरवर लिहून आत चिकटवतो. त्यांच्या मशिनवर तारीख नाही, 'खंडेनवमीच्या आधी' एवढंच आहे. भाद्रपद संपत आला की मुलाचा फोन येतो, "दादा, कधी आणू? बाबांनी कुंकू काढून ठेवलंय."