बिसलेरी की साधं?

हॉटेलात टेकलं की वेटरचा पहिला प्रश्न हाच. ‘बिसलेरी’ म्हणजे कुठल्याही कंपनीची सीलबंद बाटली, आणि सीलबंद बाटली म्हणजे मिनरल वॉटर, असं आपण धरून चालतो. पण बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला तर बहुतेक वेळा ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ आणि आयएस १४५४३ असं दिसेल. हे बोअरचं नाहीतर नळाचं पाणी, बहुतेकदा आरओतून (क्षार गाळणाऱ्या यंत्रातून) काढून, जंतू मारायला ओझोन वायू देऊन भरलेलं. खऱ्या नॅचरल मिनरल वॉटरचं मानक वेगळं, आयएस १३४२८. ते झऱ्याचं किंवा खोल भूजलाचं असतं, उगमाशीच भरतात आणि त्यातले मूळ क्षार बदलता येत नाहीत. आयएसआय खुणेची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उठली, त्यामुळे आता १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांकही बघायचा.

मिनरल वॉटरचे म्हणून जे फायदे सांगतात ते या दुसऱ्या पाण्याचे. ते खोटे नाहीत; पाण्यातलं कॅल्शियम दुधातल्याइतकंच चांगलं अंगी लागतं. पण हिशोब करून बघा. एव्हियाँसारख्या महागड्या फ्रेंच पाण्यात लिटरमागे साधारण ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. दिवसाला दोन लिटर प्यायलं तर १६० मिलिग्रॅम कॅल्शियम. प्रौढ माणसाची गरज १००० ची. ५० ग्रॅम पिठाच्या एका नाचणीच्या भाकरीत जवळजवळ तेवढंच असतं (अर्थात नाचणीतलं सगळंच शोषलं जात नाही). मॅग्नेशियम मात्र आपल्या जेवणात बऱ्याचदा कमी पडतं, तिथे पाण्याचा थोडा हातभार लागतो.

काही मिनरल वॉटर औषधासारखी जपून प्यायची असतात. फ्रान्समधल्या व्हिशी सेलेस्तँमध्ये लिटरला ११०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम आहे. दिवसभराची मर्यादा २००० ची, म्हणजे एका बाटलीत निम्म्याहून जास्त संपली. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर लेबलवरचा सोडियमचा आकडा आधी बघायचा. मुतखड्याच्या भीतीने कॅल्शियमचं पाणी टाळणारे पुष्कळ भेटतात. जेवताना पोटात गेलेलं कॅल्शियम उलट आतड्यातच ऑक्झलेटला (ज्याचे खडे होतात त्या क्षाराला) धरून ठेवतं. खडा होतो तो मुख्यतः पाणी कमी प्यायल्याने.

तान्ह्या बाळाची पावडर कालवायला ‘मिनरल’ म्हणून बाटली आणणं हा गैरसमज तर काढूनच टाका. बाटलीतलं पाणी निर्जंतुक नसतं, तेही उकळावंच लागतं, आणि जास्त क्षारांचं पाणी बाळाला चालत नाही.

आता पुण्याचं. खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, मुळात मृदू. ते घरी येत असेल तर आरओ लावून आहेत तेवढेही क्षार काढायचे आणि लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, याला काय म्हणावं? टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं. वाघोली, उंड्री, पिसोळीकडे टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांचं वेगळं. तिथे डाळ शिजता शिजत नाही, चहावर तवंग येतो, गीझरची कॉइल पांढरी होते. तिथे आरओ समजू शकतो. पण टीडीएस मीटर फक्त क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत.

आणि खरा धोका जंतूंचाच, तोही विशेषतः २० लिटरच्या जारमध्ये. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर पाण्यातलं क्लोरीन शोषून घेतो. ओझोन दिला तरी तो थोड्या वेळात उडून जातो. मग जार नीट धुतलेला नसेल, झाकण सैल असेल, तर आत गेलेल्या जंतूला अडवायला पाण्यात काहीच उरत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, आणि महापालिकेने त्या पट्ट्यातले बरेच खासगी आरओ प्रकल्प सील केले. लग्नाकार्यात येतात ते थंड पाण्याचे बिनसीलचे कूल जार तर कुठल्याच मानकात बसत नाहीत.

प्लॅस्टिकचं भय थोडं वाढवून सांगितलं जातं, पण निराधार नाही. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २,४०,००० प्लॅस्टिककण आढळले. त्यांचं शरीरात नेमकं काय होतं, यावर काम चालू आहे. उन्हात तापलेल्या पेट (पीईटी प्लॅस्टिकच्या) बाटलीतून अँटिमनी हा विषारी धातू जास्त सुटतो, म्हणून एप्रिलमध्ये गाडीत राहिलेली बाटली झाडांना घाला.

जार घेतच असाल तर उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा. डिस्पेन्सरचा नळ दर जार बदलताना धुवा आणि महिन्यातून एकदा निर्जंतुक करा: एक लिटर पाण्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली, ४-५ टक्क्यांचं बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट, पाच मिनिटं भरून ठेवायचं, नळातूनही सोडायचं, मग चांगल्या पाण्याने तीन-चारदा खळबळून काढायचं. पांढरे थर काढायला व्हिनेगर चालतं, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो.