डोळ्याचं मिटलेलं भोक

माझा डावा डोळा दोन वर्षं गळत होता. शिवणकामाला बसलं की एक हात मशीनवर आणि दुसरा पदर घेऊन डोळ्याला. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका हळूच विचारायच्या, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?" जवळच्या एका डॉक्टरांनी डोळा नीट न बघताच ॲलर्जी म्हणून वर्षभर थेंब दिले. त्या वाया गेलेल्या वर्षाचा राग अजून जात नाही.

शेवटी मिरजेला गेले. डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळ्यांत पिवळा रंग घातला. पाच मिनिटांनी उजवा स्वच्छ, डावा पिवळाच. पापणीच्या नाकाकडच्या टोकाला पाणी उतरायचं भोक असतं, जेमतेम ०.३ मिलिमीटरचं. त्याला पंक्टम म्हणतात. पापणीच्या कडेला जुनी सूज असल्यामुळे माझं खालचं भोक जवळजवळ मिटलं होतं. बाईंनी ते बारीक सळईनं रुंद केलं आणि सलाईन सोडलं. घशात खारट लागलं. म्हणजे पुढची वाट मोकळी होती, नाकाजवळच्या मोठ्या ऑपरेशनची गरज नव्हती. मला रडूच आलं.

पण नुसतं रुंद केलेलं भोक तीन आठवड्यांत परत मिटलं. मग पंक्टोप्लास्टी, म्हणजे भोक कापून मोठं करायचं छोटं ऑपरेशन, ठरली. मी विचारलं, एक चीर देऊन भागणार नाही का? बाई म्हणाल्या, एका चिरेच्या कडा पुन्हा जुळतात, म्हणून तीन छेद देऊन डोळ्याच्या बाजूचा छोटासा तिकोनी तुकडाच काढायचा. हे मला लगेच पटलं. कापडाला चीर दिली तर तोंड मिटूनच बसतं, गळा उघडा हवा तर तुकडा काढावा लागतो. मात्र फार कापूनही चालत नाही. पापणीच्या उघडझापीनं पाणी आत ओढलं जातं, फार कापलं तर ती ओढ कमी होते. तरीही मिटलं तर सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे बसवतात.

भुलीची सुई चांगलीच झोंबली. पुढचं दहा मिनिटांत आटोपलं, टाका एकही नाही. दोन-तीन दिवस अश्रूंत रक्ताची छटा होती, थेंब काही आठवडे घातले.

तीन महिन्यांनी परत रंग घातला, तेव्हा दोन्ही डोळे सारखे स्वच्छ झाले. गाडीवर वारा लागला की अजून थोडं पाणी येतं. पापण्यांना रोज गरम शेक देते, कारण सूज वाढली तर भोक पुन्हा आकसू शकतं.